दोन्ही हात

करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला तेव्हा तिचा एक हात दोरीवर होता आणि तोंडात चिमटा होता. ओली चादर अर्धी दोरीवर, अर्धी कठड्यावर. आवाज ऐकून आपण खाली बघितलं, असंच तिनं पुढे सगळ्यांना सांगितलं. नवऱ्याला, शेजारणीला, दादाला फोनवर. खाली रस्त्याच्या बरोब्बर मधोमध भिंगरी उभी होती. चार वर्षांची, अंगात घरातला फ्रॉक, पायात काही नाही, आणि हातात आजीची कशिद्याची लाकडी रिंग, डोक्याच्या वर धरलेली. एक गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबलेली, मागे आणखी थांबत चाललेल्या, कुणीतरी काच खाली करून ओरडत होतं, आणि ही पोर शांत. ती घाबरलेली नव्हती, हेच नंतर छळत राहिलं. रडली असती, भांबावली असती, तर पोटाशी धरून समजूत घालता आली असती. पण भिंगरी त्या गाड्यांकडे एखाद्या अधिकाऱ्यासारखी बघत होती, यांना माझ्या वाटेवर कुणी सोडलं, असं. ती जिने कशी उतरली ते तिला आठवत नव्हतं. चिमटा तोंडातच होता एवढं आठवत होतं, कारण पोरीला उचलून ओरडायला तोंड उघडलं तेव्हा तो रस्त्यावर पडला आणि भिंगरीनं विचारलं, "आई, तू चिमटा का खात होतीस?"

तिचे बाबा जिन्यात भेटले. एका पायात चप्पल, दुसरी हातात. दार कसं उघडं राहिलं, पोर केव्हा निसटली, त्यांना काही सांगता येईना. ते नुसते भिंगरीच्या हातातल्या रिंगकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की जे बोलायचं ते तिनं तेव्हाच बोलून टाकलं. "तुमच्या भरवशावर मूल ठेवलं होतं मी, बाबा." त्यांना डाव्या कानानं थोडं ऐकू येतं, उजव्यानं अजिबात नाही, ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती. त्यांनी ऐकलं. मान हलवली, आणि चप्पल हातात तशीच धरून वर गेले.

त्या दिवसापासून घरात सगळे एकमेकांशी फार नीट वागत होते. ती कानाच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते. जाड भिंतींच्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेपलीकडून सांगायचं, आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी. काही माणसं आवाज येऊनही दाबत नाहीत. आणि काही आवाज नसतानाच दाबतात. त्यांना वाटतं, आपलं एखादं बोट चुकेल, एखादा बारीक आवाज निसटून जाईल, म्हणून ती डोळे मिटून, श्वास रोखून, नसलेल्या आवाजालाही बटण दाबत राहतात. तिला अशी माणसं लगेच ओळखू येतात. भिंगरी झाल्यापासून ती स्वतः त्यांच्यातलीच झाली होती. शेजारच्या खोलीत पोर खोकली की हिचं बटण दाबलं जायचं. न खोकली तरी दाबलं जायचं. नवरा म्हणायचा, "तुझ्या डोक्यात कायम एक अँब्युलन्स चालू असते." आणि इतकं सगळं असून, खरा आवाज आला तो ब्रेकचा. त्याच्या आधी काहीच आलं नव्हतं का? त्या जागेपाशी मन गेलं की ती ते हळूच दुसरीकडे वळवायची, आणि दुसरीकडे बाबाच असायचे. म्हणून दादाशी बोलून तिनं ठरवून टाकलं. पुढच्या महिन्यापासून बाबा दादाकडे, भिंगरी पाळणाघरात. दादा म्हणाला, "खोली लहान आहे, पण करू काहीतरी." बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं." कानाचं यंत्र त्यांनी तेव्हाही लावलेलं नव्हतं, ते डबीत आणि डबी खिशात. लावा म्हटलं की म्हणायचे, "त्यातून नळाचं पाणीसुद्धा भांडल्यासारखं ऐकू येतं."

मग एका संध्याकाळी, ती कणीक मळत असताना, बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. "मी जायच्या आधी एक दिवस तिला स्टेशनावर नेऊ या. आपल्या. तूही चल, एकटा नाही नेत." तिनं विचारलं, कशाला. ते म्हणाले, "ती रिंग परत करायला. मी सांगून बघितलं तिला, हा खेळ संपला म्हणून. ऐकत नाही. बरोबर आहे तिचं. हातात दिलेली वस्तू तोंडानं परत घेता येत नाही. जिथली आहे तिथं जमा करावी लागते." तिला राग यायला हवा होता. पण कणकेतला हात थांबला, कारण ते काय म्हणत होते ते या घरात फक्त तिलाच कळत होतं.

ती त्या स्टेशनात वाढली होती. गावापासून लांब, माळावर, एकच रूळ येतो आणि एकच जातो असं स्टेशन, आणि बाबा तिथले मास्तर. पुढच्या स्टेशनापर्यंत एकच मार्ग, त्यावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन्ही स्टेशनांत एकेक लोखंडी यंत्र असायचं, तारेनं एकमेकांना बांधलेलं. दोन्ही मास्तरांनी घंटा देऊन होकार कळवला की यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर यायचा. तो बाहेर आहे तोवर दुसरा यायचा नाही, कितीही झटा. बाबा तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालायचे, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली, आणि फलाटाच्या टोकाला उभे राहून ते कडं धावत्या इंजिनातल्या ड्रायव्हरच्या हातात अडकवायचे. ज्याच्या हातात कडं, त्याचा रस्ता. दुसरं काही त्या रस्त्यावर येऊच शकत नाही. घर रुळांच्या पलीकडे होतं आणि फलाट, पाण्याचा नळ, शाळेची वाट अलीकडे. आई दिवसभर धास्तावलेली. तेव्हा बाबांनी एक तडकलेलं कडं घरच्या कामाला लावलं. दाराच्या चौकटीला खिळा, खिळ्याला कडं. मुलांनी कड्याशिवाय रूळ ओलांडायचे नाहीत. आणि कडं हातात असलं तरी रुळापाशी थांबायचं आणि मागे वळून बघायचं. मागे उभ्या मोठ्या माणसानं एक हात वर केला तर जायचं. दोन्ही हात वर केले तर दगड व्हायचं, जागचं हलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी. आणि दोन्ही हात खाली येईपर्यंत दगडच राहायचं. दादा हे विसरायचा, मार खायचा. ती कधी विसरली नाही. हातात ते कडं, मागे बाबांचा उंच एक हात, आणि पुढे मोकळे, तापलेले, लांबवर चकाकणारे रूळ. त्यावरून पाय उचलून टाकताना जी खात्री तिच्या अंगात असायची, तशी पुन्हा कधीच वाट्याला आली नाही. लग्न करताना नाही, नोकरी धरताना नाही, बाळंतपणात तर मुळीच नाही. शहरात कुणी कुणाला कडं देत नाही. सगळे आपापले रस्त्यावर उतरतात आणि देवावर हवाला ठेवून चालू लागतात.

आणि तेच बाबांनी भिंगरीला दिलं होतं. आजीची कशिद्याची रिंग. आजी गेली, तिचा अर्धवट रुमाल अजून कपाटात आहे. खेळ घरातल्या घरात. स्वयंपाकघर हे एक स्टेशन, झोपायची खोली हे दुसरं, मधला बोळ हा मार्ग. रिंग असेल तरच निघायचं. तिनं स्वतः पाहिला होता तो खेळ, हसली होती, पिठाचे हात तसेच वर करून पोरीला दगड केलं होतं. रस्त्याचं नाव बाबांनी कधी घेतलं नसणार. पण चार वर्षांच्या पोरीला बोळ आणि रस्ता यांत फरक तो काय. एक लांब, एक जास्त लांब.

नवरा म्हणाला, "जा ना, तेवढीच हवापालट. मला नेऊ नका म्हणजे झालं. तुम्ही तिघं तिथं सिग्नल सिग्नल खेळाल आणि मी सामान सांभाळत बसेन." म्हणून आता ते तिघं या पॅसेंजरच्या डब्यात होते, आणि डबा जवळजवळ रिकामा होत आला होता. भिंगरी खिडकीशी, रिंग गळ्यात घालून. बाबा समोर, इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटून केलेली. तिनं भिंगरीचं मनगट धरलेलं होतं. घरातून निघाल्यापासून ते सोडलेलं नव्हतं. डब्याच्या दाराशी, पुलावर, संडासापाशी, सगळीकडे. आत्ता खिडकीला गज होते, तरी धरलेलं होतं. भिंगरी म्हणाली, "आई, माझा हात शिजला." तिनं पकड एका बोटानं सैल केली. बाबा बघत होते. त्यांनी न म्हटलेलंच तिला ऐकू आलं. तुम्ही धरला असतात असा, तर ही वेळ आली नसती, असं तिनंही मनातच उत्तर दिलं. मग वाटलं, इतकी वर्षं हा माणूस हजारो माणसांच्या गाड्या एकमेकींपासून लांब ठेवत होता आणि एकदाही चुकला नाही; आणि मी त्याला चार वर्षांचं मूल सांभाळता येत नाही म्हणून पाठवून देते आहे. पण भरवसा असा मागच्या हिशोबावर चालत नाही. एकदा ब्रेक ऐकले की झालं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तारेचे खांब आले होते, रुळाच्या कडेकडेनं, तिच्या लहानपणी नव्हते.

स्टेशन आलं तेव्हा बाबा आधी खाली खडीवर उतरले आणि उतरल्या जागी उभे राहिले. गाडीनं जेमतेम श्वास घेतला आणि गेली. मग माळावर एकदम इतकं मोकळं झालं की तिच्या कानांत दवाखान्यातल्या त्या बंद खोलीसारखी शांतता वाजायला लागली. फलाट होता, पण कडेनं खचलेला. पाटी होती, अक्षरांचा रंग पोपडे होऊन गेलेला. बाबांच्या ऑफिसच्या दाराला कुलूप, कुलपाला गंज, खिडकीवर पत्रा ठोकलेला. आतल्या अंधारात तिनं पत्र्याच्या फटीतून बघितलं. यंत्र होतं तिथं भिंतीवर नुसता फिकट चौकोन आणि चार भोकं. फक्त तिकिटाची खिडकी चालू होती, आणि तिच्यामागे एक पोट सुटलेला, बनियनवर शर्ट न घातलेला माणूस डबा उघडायच्या बेतात होता.

"परतीचं तिकीट आत्ता नाही मिळत," तो तोंड वर न करता म्हणाला. "दुपारची गाडी यायच्या आधी मी असतो. नसलो तर हाक मारा. आलो तर आलो."

"मी इथं मास्तर होतो," बाबा म्हणाले.

त्या माणसानं डब्याचं झाकण पुन्हा लावलं, शर्ट अडकवला आणि बाहेर आला. त्यानं वाकून नमस्कार केला. "तुम्हीच का? आमचे काका सांगायचे. एकदा तुम्ही त्यांची बैलगाडी रुळावरनं हटेपर्यंत मेल थांबवून धरली होती म्हणे."

"बैल अडला होता. काका नाही."

"काकाही अडायचे," तिकिटवाला म्हणाला, आणि दोघं हसले. ती हसली नाही. मोकळ्या फलाटाची कड किती जवळ आहे ते ती बघत होती. "आता इथं काही उरलं नाही, मास्तर. सिग्नल लांबून कुठून तरी दाबतात, इथं नुसता दिवा बदलतो. मी रेल्वेचासुद्धा नाही, कमिशनवर तिकिटं विकतो. ही फलाटालगतची लूपलाइन गंजली, कुणी वापरत नाही; तुमची पॅसेंजरसुद्धा पलीकडे मेन लाइनवरच थांबली ना, खडीत. मेन लाइनवरनं मधे एखादी जाते, थांबत नाही. वीज आल्यापासून तर कळतच नाही, मांजरासारखी येते."

"आणि माझं मशीन?"

"नेलं की. शहरात म्युझियम केलंय, तिथं काचेत ठेवलंय. तुम्ही तिकडूनच आलात ना? तिथंच बघायचं." त्याला आपल्याच बोलण्याची मजा वाटली. बाबांनाही वाटली असावी; ते डावा कान पुढे करून नीट ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे चोर सोडून उलट्या गाडीत बसलो." तिकिटवाला जेवायला घरी निघून गेला, माळावरच्या पायवाटेनं, डबा हलवत. स्टेशनात ते तिघंच राहिले.

फलाटावर एका झाडाखाली सिमेंटचं बाक होतं. ती भिंगरीला घेऊन त्यावर बसली. बाबा भिंगरीसमोर उकिडवे बसले, गुडघे वाजले. "भिंगरी, मशीन नाही इथं. आता काय करायचं?" भिंगरीनं रिंग गळ्यातून काढली आणि तिच्यातून आजोबांकडे बघितलं. "मग माझ्याकडेच राहू दे." "तसं नाही चालत. रिंग बाहेर राहिली तर रस्ता बंदच राहतो ना? बाकीच्यांनी कधी जायचं?" भिंगरीला हे पटलं. मग तिनं रुळांच्या पलीकडे बोट केलं, जिथं एक छप्पर नसलेलं घर होतं, दाराची चौकट तेवढी उभी. "ते आईचं घर?" बाबा म्हणाले, हो. "तिथं तो खिळा आहे? तुम्ही सांगितला तो?" बाबा वळून बघत राहिले. म्हणाले, "असेल. चौकट आहे तर खिळा असेल." भिंगरीनं रिंग त्यांच्या हातात दिली, दोन्ही हातांनी, आणि म्हणाली, "मग तुम्ही जा, अडकवून या. आई मला सोडणार नाही." बाबांनी तिच्याकडे, म्हणजे आपल्या मुलीकडे बघितलं. पूर्वी ती ज्या नजरेनं त्यांच्याकडे परवानगी मागायची तीच नजर होती की काय कोण जाणे, ती अवघडली. "जाऊन या," म्हणाली. ते फलाटाच्या उताराकडे चालू लागले, रिंग हातात, पाठ सरळ, नोकरीवर निघाल्यासारखी.

मनगट धरलेल्या हाताला घाम आला होता. भिंगरी पाय हलवत बसली होती. बाबा लांब जात होते, आणि त्यांच्यावर नजर ठेवायची गरज तिला वाटली नाही; तिची सगळी नजर या छोट्या मनगटाभोवती गुंडाळलेली होती. तिनं विचारलं, विचारायचं असं काही ठरवलेलं नव्हतं, "भिंगरे, त्या दिवशी आजोबांनी पाठवलं होतं का गं तुला रस्त्यावर?"

"नाही. आजोबांना डुलकी लागली होती."

"मग तू अशीच गेलीस? विचारायचं नाही कुणाला?"

"विचारलं की," भिंगरी म्हणाली. "मी रस्त्यापाशी थांबले. मग मागे वळून वर बघितलं. तू होतीस. तू हात वर केलास."

भिंगरीचे पाय हलायचे थांबले नाहीत. दोरी उंच होती. चादरीचं टोक टाकायला उजवा हात ताणून वर न्यावा लागायचा, डावा कठड्यावर. तोंडात चिमटा. आणि आता, इतके दिवस ज्या जागेवरून मन वळवत आली ती जागा समोर आली, लख्ख, जणू कुणी पत्रा काढला. आवाजानंतर तिनं खाली बघितलं नव्हतं. आवाजाच्या आधी बघितलं होतं. खाली फाटकाशी एक छोटंसं तोंड वर वळलेलं, उन्हानं डोळे बारीक केलेले, आणि तिला वाटलं होतं, कुणाची तरी पोर, भिंगरीसारखी दिसते, भिंगरी तर आत आहे. हात दोरीवरच होता. वर. एकच. ती चादर ओढत राहिली. भिंगरी झाल्यापासून नसलेल्या आवाजांना बटण दाबत आलेली ती, तेव्हा एकदाच, बटण दाबायची राहिली होती. आणि पोर चुकली नव्हती. थांबली, वळली, बघितलं, परवानगी मिळाली, गेली. बाबांनी शिकवलेलं अक्षर न अक्षर तिनं पाळलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, कुणालाच नाही, आणि मान वर केली.

बाबा पहिला, गंजलेला रूळ ओलांडून दोन लाइनींच्या मधल्या खडीवर पोचले होते. पुढे मेन लाइन, चकचकीत. आणि त्यांच्या उजव्या अंगाला, जिथं रूळ कापलेल्या टेकडीआडून वळून येतात, तिथं वरच्या तारेवर काहीतरी हललं आणि गाडीचं तोंड दिसलं. आवाज नव्हता. खरंच नव्हता. एवढं मोठं काहीतरी येत होतं आणि माळावर टिटवी ओरडत होती ती ऐकू येत होती. मग हॉर्न झाला, लांब, आणि बाबांनी मान उचलली, आणि डावीकडे बघितलं. तिला माहीत होतं ते डावीकडेच बघतील. एका कानाच्या माणसाला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. जो कान जागा त्याच बाजूचा तो वाटतो. हे ती रोज पेशंटच्या नातेवाइकांना समजावून सांगत असे, रस्ता ओलांडताना जपा म्हणून. डावीकडे रूळ रिकामे होते. बाबांच्या खांद्यावरून काळजी उतरलेली तिला इतक्या लांबून दिसली. ती ओरडली. हाकही त्यांना डावीकडूनच आल्यासारखी वाटली असणार. ते पुन्हा तिकडेच वळले, मग नियमाप्रमाणे, रुळापाशी थांबून, मागे वळले आणि फलाटाकडे बघू लागले. रिंग हातात. तोंडावर हसू. त्यांचं मागणं साधं होतं. जाऊ का?

तिनं हात वर केला.

डाव्या हातात भिंगरीचं मनगट होतं, म्हणून उजवा. थांबा म्हणून, नको म्हणून, माणसं कुणालाही जसा करतात तसा, ताणून. आणि बाबांनी मान हलवली, बरं, अशी, आणि वळून पाऊल उचललं.

"आई, एक नको," भिंगरी म्हणाली. "एक म्हणजे जा."

तो जो क्षण होता त्यात पुष्कळ जागा होती. त्यात फलाटाची कड होती, खचलेली, चार पावलांवर. त्यात येणारी गाडी होती, आणि एक चार वर्षांची पोर, जिचा हात सोडला तर ती काय करील हे जगात कुणालाच सांगता आलं नसतं. हा हात तिनं घरातून निघाल्यापासून सोडला नव्हता. त्या दिवसापासून झोपेतही पलंगावरून तिचा पंजा जाऊन ते मनगट शोधायचा. आणि दुसरा हात वर करायचा तर हाच सोडायला हवा होता, तिसरा नव्हता. बोटं उघडत नव्हती. खरोखरच उघडत नव्हती, कुणा दुसऱ्याची असल्यासारखी; तिला ती एकेक करून उघडावी लागली. मनगट निसटलं. तिथं एकदम गार वारा लागला. पुन्हा एकदा हाक मारली, जीव खाऊन, बाबांनी वळावं एवढ्याचसाठी, आणि ती बाकावर चढली आणि दोन्ही हात डोक्यावर नेले, जितके जातील तितके.

बाबांचं पाऊल रुळाच्या अलीकडे होतं. ते वळले. त्यांनी बघितलं. आणि ते दगड झाले.

गाडी त्यांच्यामागून गेली. आता आवाज होता, सगळ्या जगाचा, डबे डबे डबे, आणि त्यांच्यापुढे बाबा एवढेसे, शर्ट फडफडत पुढे आलेला, पांढरे केस उभे राहिलेले, आणि मागे काय चाललंय ते पाठीला कळत असूनही मान न वळवता तिच्या हातांकडे बघणारे. तिला खाली बघता येत नव्हतं. डोळे काढले तर ते हलतील असं वाटत होतं. भिंगरी कुठं आहे, बाकापाशी आहे की कडेशी, की कडेच्याही खाली, ते बघता येत नव्हतं. ती कान लावून ऐकत होती, छोट्या पावलांचा एखादा बारीक आवाज, काहीही. त्या गडगडाटात काय ऐकू येणार. खांदे भरून आले. डबे संपतच नव्हते. तिला वाटलं, बाबा असे रोज उभे राहत असतील. हात वर करून, मागे उभ्या बाईचा जीव आणि पुढे उभ्या पोरीचा जीव आपल्या दोन दंडांवर तोलून. आणि संध्याकाळी घरी येऊन, काही झालंच नाही असे, पाय धुवायचे.

मग एकदम शेवटचा डबा गेला. धूळ राहिली, तार थरथरत राहिली. बाबा होते. जागच्या जागी, रिंग धरून. ते हलले नाहीत. तिला आधी कळेना की आता का हलत नाहीत, मग कळलं. हात अजून वर होते.

तेव्हा तिनं खाली बघितलं. भिंगरी बाकाच्या शेजारीच, टाचा उचलून, दोन्ही हात डोक्यावर ताणून उभी होती. तोंड लाल झालेलं, ओठ घट्ट मिटलेले, नजर आजोबांवर. मनगटावर बोटांचे चार वळ.

तिनं उजवीकडे बघितलं, टेकडीपर्यंत. डावीकडे बघितलं, जिथं रूळ आणि आभाळ एक होतात तिथपर्यंत. पुन्हा उजवीकडे. काही नव्हतं. आणि काही नाही, हे खरंच काही नाही, असं तिनं स्वतःला एकदा नीट ऐकू दिलं.

मग दोन्ही हात सावकाश खाली आणले. आणि एक वर केला.

पलीकडे बाबांनी मान हलवली. आधी उजवीकडे वळले, सगळ्या अंगानं, बहिऱ्या कानाच्या बाजूला, आणि बराच वेळ बघितलं. मग रूळ ओलांडून चौकटीकडे चालू लागले. तिचा दुसरा हात मोकळाच लोंबत होता. भिंगरी अजून दोन्ही हात वर धरून होती, आणि आता दंड थरथरू लागले होते.

"आई," ती ओठ न हलवता म्हणाली, "मी घेऊ का खाली?"

"घे," ती म्हणाली.

भिंगरीनं एकच घेतला.